हिवरखेडीची गाडीवाट

या सदरातले अनुभव मी गेली दोन वर्षं वाचतोय आणि खरं सांगायचं तर निम्म्यांवर हसलोय. पांढरी साडी आली की मी पान उलटतो. भुतांना दुसरा रंग मिळत नाही का, असं बायकोला विचारतो, आणि ती म्हणते, तुम्हाला काय कळतंय साड्यांमधलं. भूत, चकवा, अंगात येणं... कशावरच माझा कधी विश्वास नव्हता. आजही आहे असं छातीठोक म्हणवत नाही.

त्यात आणखी एक अडचण. आमच्या सगळ्या नातलगांत माझी ख्याती मीठमसालावाला म्हणून आहे. लग्नघरी पंगतीला उशीर झाला की मला गोष्टी सांगायला बसवतात, आणि दर लग्नात माझ्या गोष्टीतला साप हातभर लांब होतो. ही गोष्ट मात्र मी कुठल्याच मांडवात सांगितलेली नाही. जसं झालं तसं लिहितो.

विद्यापीठाचं नामांतर व्हायचं होतं तेव्हा. सेलूपासून जिंतूरपर्यंत भिंतींवर घोषणाच घोषणा रंगवलेल्या. मी चोवीस-पंचवीसचा. सेलूत एका शाळेत क्लार्क, लग्न नाही, डोक्यावर भरपूर केस आणि बुडाखाली सेकंडहँड राजदूत. दोन जिवलग मित्र. एक शफी, गॅरेजवाला मिस्त्री, त्याच्याकडे बुलेट. दुसरा दिलीप, कापसाच्या व्यापाऱ्याचा मुलगा, त्याच्याकडे नवीकोरी जावा आणि काळा गॉगल. या दिलीपला कुठल्याशा इंग्रजी मासिकात परदेशी लोकांच्या वाळवंटातल्या मोटरसायकल रॅलीचा फोटो सापडला, आणि आमची डोकी फिरली.

"आपन बी करू," दिलीप म्हणाला.

"वाळवंट कुठून आणतो?" मी.

"येलदरी है ना," शफी म्हणाला. "पानी पूरा नीचे गया. मैदानच मैदान है. नीचे क्या है, वो अल्ला कू मालूम."

खरंच, सलग दोन-तीन वर्षं पाऊस कमी झाला होता आणि येलदरीचं धरण तळाला गेलं होतं. कधी न दिसलेली जमीन उघडी पडली होती. कडेकडेनं लोकांनी गाळपेर केली होती, म्हणजे पाणी हटलेल्या गाळात टरबूज, भुईमूग लावला होता. त्याच्या आत मैलभर नुसता भेगाळलेला काळा गाळ. ते आमचं वाळवंट.

घरी मी हे जेवताना बोललो. आई तांदूळ निवडत बसली होती.

"पानी कुटवर गेलंय?" तिनं मान वर न करता विचारलं.

"लई खाली. हिवरखेडी उघडी पडलीय म्हणतात."

सुपातला हात थांबला.

हिवरखेडी म्हणजे आईचं माहेर. धरणात गेलेलं. हे मला माहीत होतं, पण घरातल्या भिंतीवर कॅलेंडर असतं तसं माहीत होतं. गाव उठायच्या वेळेला मामा मुराळी म्हणून आला होता, आईला न्यायला. शेवटचं घर बघून जा, माय वाट बघतीय, म्हणाला. पण आई बाळंतीण होती. बारा दिवसांची. माझ्या दोन्ही बहिणी माहेरी झाल्या. मी तिसरा, मी मुहूर्त असा काढला की मामाला रिकाम्या हातानं परत जावं लागलं. तेव्हा आईचं माहेर तिच्या नजरेआड करायला एक धरण आणि एक मी, असे दोघं कारणीभूत. पुढं वर्षाच्या आत आजीही गेली. नव्या गावठाणात, पत्र्याच्या शेडमध्ये. तेव्हाही आई पोचली नाही... निरोपच तिसऱ्या दिवशी आला. मामाही पुढं दोन वर्षांनी गेला. मुराळी पाठवणारं कुणी उरलं नाही.

"मी बी येते," आई म्हणाली.

"आई, रॅली हाय ती!"

"असू दे. रॅलीला माझं काय करायचंय? मला उंबऱ्यावर सोड अन् तुमी कुटं उंडारायचं तिकडं उंडारा."

"रस्ता न्हाई तिथं."

"पाऊस आला का उंबराबी न्हाई." मग जरा थांबून, "एकडाव पाय लागू दे रे मधू. दुसरं काय मागितलंय तुला?"

वडील शेजारीच जेवत होते. त्यांनी फक्त माझ्याकडं असं बघितलं, की मी दुसऱ्या दिवशी मागच्या सीटवर गोधडीची घडी बांधली.

सकाळी लवकर निघालो. देवगाव फाट्याला चहा घेतला, जिंतूरहून येलदरीच्या रस्त्याला लागलो. माझ्या मागं आई एका बाजूला पाय सोडून बसलेली, हातात धपाट्यांचं फडकं, आणि डोळे मिटून देवाचं नाव. पुढं रॅलीचे दोन वीर. सगळ्यांची पुढची मडगार्डं शफीनं काढून गॅरेजात ठेवली होती. आमच्याकडची काळी माती ओली असली की चाक आणि मडगार्डमध्ये अशी भरते की चाक फिरायचं थांबतं आणि माणूस फिरतो. टायरांची हवाही त्यानं कमी केली, म्हणजे गाळात पकड राहील. बुलेटच्या सायलेन्सरची जाळीही काढली होती. त्यानं काय होतं ते मला आजवर कळलेलं नाही, आवाज मात्र तोफेसारखा येत होता.

पाणी हटलेल्या कडेला टरबुजाच्या वाडीत एक म्हातारा भेटला. आम्हाला बघून तो उभाच राहिला.

"कुटं निगाले बाबा?"

"हिवरखेडीला," मी म्हणालो.

"वरून वाळलंय, आत लोणी हाय. जुनी गाडीवाट हाय खाली, मुरमाची, तिच्यावरून गेलं तर लागतंय पाय. पर ती घावनार कुनाला? वीतभर गाळ बसलाय तिच्यावर. जानारी मान्सं गेली."

दिलीपनं गॉगल पुसला, "बघू की," म्हणाला आणि सुसाट सुटला. त्याच्या मागं शफी. मी आईमुळं हळू.

थोडं पुढं एक नाला आडवा आला. कोरडा, पण उतार खडा आणि समोरचा चढ त्याहून खडा. मी अलीकडं थांबलो, कानावरचं उपरणं घट्ट बांधलं, पहिला गिअर टाकला, "घट्ट धर गं" म्हणालो आणि घातली गाडी. खाली गेलो, वर आलो. कसा आलो ते माझं मलाच कळलं नाही. वर आल्यावर इतका हुशारलो की मागं न बघता बोलायलाच लागलो.

"बघितलं का? म्हनत होतीस, तुला सायकलबी नीट येत न्हाई."

मागून उत्तर नाही. घाबरली असेल, म्हटलं.

पुढं सगळं सपाट. ऊन नुकतं तापायला लागलेलं, गाळाच्या खपल्या पापडासारख्या मोडत होत्या. डावीकडं लांब दिलीप आणि शफीची धूळ दिसत होती. मी त्यांच्याच दिशेनं निघालो, तेवढ्यात माझ्या उजव्या खांद्यावर हात पडला. हलका... बोटांनी दाबल्यासारखा. उजवीकडं, असा. मी वळवली. काही अंतर गेलो, डाव्या खांद्यावर हात. डावीकडं वळलो. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा उजवा.

"अगं, तोंडानं सांग की. हातानं काय खुणा करायलीस?"

काही नाही. रुसली, म्हटलं. नाल्यात घाबरवलं म्हणून रुसली. मग मी तिला हसवायला लागलो. तुझ्या माहेरच्या लोकांनी रस्ता सापासारखा का काढला, दारू पिऊन आखला का, असलं काहीबाही. खांद्यावरचा हात जरासा दाबला गेला. गप, म्हटल्यासारखा.

आणि गाडी, तुम्हाला सांगतो, कुठं म्हणता कुठं रुतली नाही. चाकाखाली कडक लागत होतं. एकदा मी शहाणपणा करून हाताच्या इशाऱ्याआधीच सरळ घातली, तर पुढचं चाक पचकन आत गेलं. मी पाय टेकून मागं ओढली. त्यानंतर निमूट ऐकलं. मैलभर तरी असा गेलो असेन.

मग दोन्ही खांद्यांवर एकदम हात आले आणि मला हळूच मागं ओढलं. थांब. मी थांबलो. मागच्या स्प्रिंगा कुईं करून वर आल्या, माणूस उतरलं की येतात तशा.

"हळू उतर गं, पाय सांभाळ," मी म्हणालो, स्टँड लावला आणि वळलो.

कुणी नव्हतं.

त्या क्षणाचं काय लिहू... भूत वगैरे माझ्या डोक्यातही आलं नाही. माझ्या डोक्यात एकच आलं, आई पडली. आत्ता, या मिनिटाला, कुठंतरी पडली. मी "आई, आई" ओरडत माझ्याच चाकोरीवरून मागं पळत सुटलो. सपाट माळ, लपायला झाडही नाही. गाळावर माझ्या टायरची एकच रेघ, वळणं घेत आलेली, आणि तिच्या शेजारी फक्त माझ्या पावलांचे ठसे. गाडीपाशी परत येऊन बघितलं. जिथं ती उतरली असती तिथली खपली जशीच्या तशी होती. मोडलेलीसुद्धा नव्हती.

किती वेळ मी मागं-पुढं पळत होतो सांगता येत नाही. मग लांबून तोफ ऐकू आली. शफीची बुलेट, माझ्या चाकोरीवरून, अगदी सावकाश. मागच्या सीटवर नऊवारीचा हिरवा रंग. त्यांच्या मागं दिलीप, कमरेपर्यंत काळा, गॉगलचा पत्ता नाही.

आई उतरली ती थेट माझ्या अंगावरच आली.

"मुडद्या! आईला नाल्यापाशी टाकून जातोस? तू थांबलास तशी मी उतरले, वरडायले, थांब रे, मी चालत येते, अन् हे बेनं आपलं भुर्रर्र! मागं तरी बघावं का न्हाई मान्सानं?"

"तू... नाल्याच्या अलीकडंच उतरलीस?"

"मग काय तुज्यासंगं मरू?"

शफी म्हणाला, "हमारी गाड्या फँसी थी उदर. मावशी पैदल आती दिखी. बोली, उसकी चाकोरी धरून चला, तो रुतला नाही. सच्ची बात, एक जगा नहीं रुता. तेरेकू रास्ता कौन बताया रे?"

आई नाल्याच्या अलीकडंच उतरली, तर गाडी हलकी झाल्याचं मला कसं कळलं नाही? हा प्रश्न नंतर सगळ्यांनी मला विचारला. त्याचं माझ्याकडं एकच उत्तर आहे. गाडी हलकी झालीच नव्हती.

तोवर आईनं माझा नाद सोडला होता. ती माझ्या गाडीच्या पलीकडं बघत होती. तिथं गाळातून एका जोत्याचे चार दगड वर आलेले, आणि त्यात एक लांब, मधोमध झिजलेला. मी तो बघितलाही नव्हता. गाडीचं पुढचं चाक त्याच्यापासून दोन हातांवर होतं.

आई जवळ गेली. पदरानं दगड पुसला. त्याच्या शेजारी हातानं गाळ उकरला तर दगडी उखळ लागलं, कड फुटलेलं.

"हे मीच फोडलं हुतं," ती म्हणाली. "मुसळ निसटलं. मायनं लय मारलं." आणि उंबऱ्यावर बसली. आम्ही तिघं लांब उभे राहिलो.

बऱ्याच वेळानं मी तिला सांगितलं, खांद्यावरच्या हातांचं. दिलीप हसला. ऊन लागलंय ह्याला, म्हणाला. आई हसली नाही.

"कसं धरलं हुतं? दाखव."

मी दिलीपच्या खांद्यावर दाखवलं. उजवीकडं असं, डावीकडं असं. थांबायचं दाखवणार, तर ती उठली, माझ्या मागं आली, दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि हळूच मागं ओढलं.

"असं?"

"हं."

ती माझ्या पाठीमागंच होती, त्यामुळं मला तिचं तोंड दिसलं नाही. बोलली ती तेवढं ऐकलं.

"माझा बाप नामी धुरकरी. वऱ्हाडाच्या गाड्या त्येच्याच हाती द्यायचे लोक. पर डोळ्यानं अधू झाला हुता. कुनाला कळू दिलं न्हाई. माय मागं बसायची. चारचौघांत नवऱ्याला वाट सांगितली तर त्येची काय इज्जत ऱ्हायली? तोंडानं तर ती त्येच्याशी लोकांम्होरं बोलायचीबी न्हाई. मग अशी... खांद्यावर हात लावून न्यायची. घरात आमा दोगा भावंडांलाच ठावं हुतं. तुज्या बापालाबी मी सांगितलं न्हाई कदी."

आम्ही धपाटी खाल्ली. एक आईनं उंबऱ्यावर ठेवलं. निघायची वेळ झाली तशी ती शफीच्या बुलेटवर जाऊन बसली.

"मावशी, मधूची गाडी..." शफी म्हणाला.

"नको. त्येची शीट रिकामी ऱ्हाऊ दे." मग मला, कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू, "दमानं ये. घाई करू नको. काय म्हनाली तर ऐक."

मी थांबलो. ते पुढं गेले. मी गाडी सुरू केली आणि सीट पुसली. हसू नका. गोधडीची घडी नीट केली, आणि मग मला कळेना की हाक काय मारायची. आजीला मी कधी बघितल्याचं आठवत नाही, कधी हाक मारलेली नाही. शेवटी "चला" एवढंच म्हणालो. अहोजाहो करून. पाहुण्याला म्हणतात तसं.

स्प्रिंगा हलल्या नाहीत.

तरी मी सावकाश चालवत राहिलो. समोर येतानाची माझीच चाकोरी स्पष्ट होती, वाट विचारायची गरजच नव्हती. पण माझं लक्ष चाकोरीवर नव्हतंच, खांद्यावर होतं. आता पडेल हात. आता. या वळणाला. वाट बघता बघता चाक कधी रेघेबाहेर गेलं कळलं नाही आणि मी अॅक्सलपर्यंत रुतलो. शफी आणि दिलीपनं येऊन काढलं. पुढं पुन्हा रुतलो. दुसऱ्यांदा, खोटं कशाला सांगू, मी मुद्दाम चाकोरी सोडली होती.

आई काठावर, टरबुजाच्या वाडीच्या बांधावर उभी होती. मी चिखलानं लडबडलेला. तिनं आधी माझ्या मागं बघितलं, मग माझ्याकडं.

"आली?"

माझ्या तोंडाशी 'हो' आलं होतं. आयुष्यभर मी लोकांच्या आनंदासाठी काय काय वाढवून सांगितलंय, हे एक तर बिनखर्चाचं होतं. पण तिच्या तोंडाकडं बघून नाही बोलवलं.

"न्हाई आली."

ती धरणाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "नगं येऊ दे. पत्र्याच्या शेडात जीव गेला तिचा. मला वाटायचं, अजून तिथंच बसली का काय. घरी हाय तर ऱ्हाऊ दे." आणि पदर कमरेला खोचून शफीला म्हणाली, "चल बाबा."

पंधरा दिवसांत पाऊस लागला. त्या साली नाही, पण पुढं धरण भरलं आणि ते जोतं पुन्हा खाली गेलं. नंतर कधी ते उघडं पडलं असेल तर मला माहीत नाही. मी गेलो नाही. आईनंही कधी ने म्हटलं नाही.

स्पष्टीकरणं बरीच मिळाली. दिलीप म्हणतो, गोधडीची घडी हलत होती आणि मला हात वाटले. आमचे एक डॉक्टर म्हणतात, ऊन आणि इंजिनचे हादरे. शफी काहीच म्हणत नाही. फक्त ती रेघ कशी काढलीस, एवढं अजून विचारतो. मुरमाची वाट वीतभर गाळाखाली होती, आणि आजोबांच्या डोळ्यांची गोष्ट मला कुणी सांगितलेली नव्हती. या दोन गोष्टींपाशी सगळी स्पष्टीकरणं अडतात. माझ्याकडं स्वतःचं एकही नाही.

आई आता पंचाहत्तरीची आहे. हे खरं का खोटं, असं तिनं मला एकदाही विचारलेलं नाही. ती दुसरंच विचारते. मी दाढी करत असतो, पेपर वाचत असतो, आणि ती शेजारी येऊन बसते.

"मधू, हात गार हुते का रे तिचे?"

"न्हाई आई. ऊन हुते."

"किती ऊन?"

"भाकरी थापून उठलेल्या बाईचे असत्यात ना, तसे."

एवढ्या वर्षांत यातला एक शब्द मी बदललेला नाही. ती मान हलवते, आणि माझ्या शर्टाच्या खांद्यावर तळहात ठेवून थोडा वेळ तशीच बसते.